पंडिता रमाबाई : पित्याचा वारसा

सह्याद्रीच्या दाट अरण्यात, गंगामूळ येथे, २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, वेदशास्त्रसंपन्न व आचारनिष्ठ. परंतु एका बाबतीत ते आपल्या काळाच्या फार पुढे होते. पुण्यात विद्यार्जन करीत असता पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविले जाते, हे त्यांनी पाहिले होते. तो संस्कार त्यांच्या मनातून कधी पुसला गेला नाही. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी स्वतः संस्कृत शिकविले. त्याबद्दल शास्त्रीमंडळींनी जाब विचारला, तेव्हा शास्त्राधारेच आपली बाजू मांडून ते ठाम राहिले.

रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असता कुटुंबाने गंगामूळ सोडले. पुढे सारे आयुष्य तीर्थयात्रेत आणि पुराणकथनात गेले. शास्त्रीबुवा वृद्ध झाल्यामुळे कन्येला पाठ देण्याचे काम मातेने केले. पण त्या अध्ययनाचा पाया पित्याच्या निश्चयाचाच होता. थोरल्या कन्येचा बालविवाह दुःखदायक ठरल्याने धाकटीचा विवाह त्यांनी लवकर केला नाही. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते.

या वारशाला दुसरीही बाजू होती. पित्याने मुलांना विद्या दिली, परंतु पोटापाण्याचे कोणतेही साधन हाती दिले नाही. जवळचे द्रव्य दानधर्मात व व्रतवैकल्यांत संपले. दुष्काळ आला तेव्हा मोलमजुरी करावी तर कुलाभिमान आड आला. १८७४ मध्ये उपासमारीने खंगलेल्या शास्त्रीबुवांचा अंत झाला; अंतकाळी त्यांनी लाडक्या कन्येस जवळ घेऊन सन्मार्गाने वागण्याचा उपदेश केला. थोड्याच काळाने माताही गेली, व पुढे बहीणही.

बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भ्रमण करीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता व सरस्वती या पदव्यांनी त्यांना गौरविले. त्या दिवशी पित्याच्या हट्टाचे चीज झाले. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ मध्येच, लहानग्या मनोरमेला पदरात ठेवून, वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये इंग्लंडला जाऊन त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या निर्णयाने समाजात मोठे वादळ उठले. पण लोकमताची पर्वा न करता आपल्या विवेकाला पटेल ते करण्याचे बळही पितृगृहातलेच होते.

१८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त मुलींना व विधवांना अक्षरांबरोबरच विणकाम, छपाई, शेती असे उद्योगही शिकविले गेले. पित्याच्या घरी जे मिळाले, ते रमाबाईंनी शेकडो अनाथ मुलींना दिले. आणि तेथे जे मिळाले नाही, तेही दिले.

१९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. कन्यावियोगानंतर काही महिन्यांतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. अनंतशास्त्रींचा ग्रंथ कोणी वाचत नाही. त्यांनी घडविलेली कन्या हाच त्यांचा ग्रंथ होय.