कर गोळा करणारे डोबरमन

डोबरमन म्हटले की आपल्याला कुत्राच आठवतो. पण ते एका माणसाचे आडनाव! कार्ल फ्रीडरिख लुई डोबरमन १८३४ साली जर्मनीतल्या आपोल्डा गावी जन्मले. ते कर गोळा करीत. कर मागायला येणारा माणूस कोणाला आवडतो? त्यात जवळ पैसे, वाटेत चोरांची भीती. गावातली मोकाट कुत्री पकडायचे कामही त्यांच्याकडेच होते. मग त्यांनी ठरवले, सोबतीला धीट, चपळ कुत्रा आपणच तयार करायचा. निवडक कुत्र्यांची पैदास त्यांनी वर्षानुवर्षे केली. कोणकोणती कुत्री घेतली ते मात्र लिहून ठेवले नाही, म्हणून जाणकार अजून वाद घालतात. १८९४ साली ते वारले. पुढे १८९९ मध्ये त्याच गावात या कुत्र्यांसाठी मंडळ निघाले. जातीला त्यांचेच नाव लागले. ते बघायला डोबरमन नव्हते.