चे गव्हेरा : एका मोटारसायकल प्रवासाने बदललेले आयुष्य

वैद्यकीय पदवी अगदी जवळ आली असताना एर्नेस्तो गव्हेरा या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जानेवारी १९५२ मध्ये ब्युनोस आयर्स सोडले आणि मित्रासमवेत मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिकेच्या भ्रमंतीस प्रारंभ केला. पुढे 'चे' या नावाने जगाला परिचित झालेल्या या क्रांतिकारकाच्या आयुष्याला याच प्रवासाने वेगळी दिशा दिली.

गव्हेरा यांचा जन्म १९२८ मध्ये अर्जेंटिनातील रोसारियो येथे झाला. लहानपणापासून दम्याने ग्रासल्यामुळे कुटुंबाने कोरड्या हवेच्या आल्ता ग्रासिया या डोंगराळ गावी मुक्काम हलवला. हा विकार त्यांना आयुष्यभर जडला. तथापि, त्यांची प्रवासाची ओढ त्यामुळे कमी झाली नाही.

या भ्रमंतीतील सहप्रवासी होते जीवरसायनशास्त्रज्ञ आल्बेर्तो ग्रानादो. त्यांच्या पाचशे सीसी क्षमतेच्या जुन्या नॉर्टन मोटारसायकलचे नाव होते 'ला पोदेरोसा', म्हणजेच बलशाली. पम्पासची विस्तीर्ण शेते आणि कुरणे ओलांडून दोघे बारिलोचेमार्गे अँडीज पर्वतात पोहोचले. वाळू आणि खडीच्या रस्त्यांवर गाडी वारंवार घसरे. मोडलेले भाग तारेने बांधून ते पुढे जात. अखेर चिलीमध्ये गाडीने दम तोडला. ती मालमोटारीत घालून सांतियागोला नेण्यात आली आणि तेथेच सोडून द्यावी लागली.

वाहन गेले, आणि प्रवासाचे स्वरूपच पालटले. मालमोटारी, जहाज, तराफा, जे मिळेल त्याने दोघे पुढे सरकू लागले, आणि सामान्य माणसांशी त्यांची गाठ पडू लागली. वाल्पाराइसो येथे दम्याने व हृदयविकाराने जर्जर झालेल्या एका गरीब वृद्धेसाठी आपण फारसे काही करू शकत नाही, याची जाणीव गव्हेरा यांना अस्वस्थ करून गेली. चुकिकामाता तांब्याच्या खाणीकडे जाताना वाळवंटातील थंड रात्री त्यांना काम शोधणारे एक दांपत्य भेटले. साम्यवादी असल्याबद्दल त्या कामगाराला तुरुंगवास घडला होता. पेरूमध्ये त्यांनी माचू पिचूचे वैभव पाहिले, तसेच त्याच भूमीतील मूलनिवासी शेतकऱ्यांचे दैन्यही पाहिले. अ‍ॅमेझॉनकाठच्या सान पाब्लो कुष्ठवसाहतीत दोघे रुग्णांमध्ये मिसळले, त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळले.

ग्रानादो व्हेनेझुएलात थांबले. गव्हेरा ऑगस्ट १९५२ अखेरीस घरी परतले आणि १९५३ मध्ये डॉक्टर झाले. मात्र, त्यांनी दवाखाना थाटला नाही. १९५४ मध्ये ग्वाटेमालातील निर्वाचित सरकार उलथवले गेल्याचे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. पुढल्या वर्षी मेक्सिकोत फिडेल कॅस्ट्रो यांची भेट झाली आणि १९५६ मध्ये ते क्युबाच्या सशस्त्र लढ्यात उतरले.

१९५९ मध्ये क्रांती यशस्वी झाली. त्याच वर्षी क्युबाच्या शिष्टमंडळासह भारतात आलेल्या गव्हेरा यांनी दिल्लीत पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांची भेट घेतली. राष्ट्रीय बँकेचे अध्यक्षपद आणि उद्योगमंत्रीपद त्यांनी भूषविले. ला काबान्या किल्ल्यात त्यांच्या अखत्यारीत देण्यात आलेल्या मृत्युदंडांवर मात्र कठोर टीका झाली.

सत्तापदे सोडून ते पुन्हा लढ्याकडे वळले. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी बोलिव्हियातील ला इगेरा या डोंगरी गावात, पकडले गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे वय तेव्हा ३९ वर्षे होते. त्यांचे अवशेष तीस वर्षांनी सापडले आणि क्युबातील सांता क्लारा येथे नेण्यात आले. तरुणपणीच्या प्रवासाच्या त्यांच्या नोंदी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या व त्यावर २००४ मध्ये चित्रपटही आला. क्युबात स्थायिक झालेल्या ग्रानादो यांचे २०११ मध्ये हवाना येथे निधन झाले.