रंग न ओळखणारा ड्रॉइंग मास्तर: लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि तुमची डीडब्ल्यूजी फाईल

भोसरीतल्या छोट्या फॅब्रिकेशन शॉपना हा अनुभव नवा नाही. चाकणहून मोबाईलवर ड्रॉइंगची फाईल येते, फोनमधल्या व्ह्यूअरमध्ये छान उघडते, लेझर कटिंगसाठी तिचं डीएक्सएफ केलं जातं आणि पत्रा जिथे वाकवायचा होता नेमका तिथेच कापून येतो. फाईल करप्ट नसते. फॉरमॅट बदलताना एका रेघेचा अर्थ हरवलेला असतो, एवढंच. रेघेचा अर्थ सांभाळणं म्हणजे काय, हे बघायचं तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आयुष्य बघावं. पंप आणि इंजिनांशी त्यांचं नाव जोडलं गेलं ते नंतर. त्याआधी ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवणारे मास्तर होते.

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ती, घरात पोथ्यापुराणं. या मुलाचं लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. वडिलांच्या मनात नसताना, थोरले भाऊ रामुअण्णांच्या आधारावर, लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. चित्रकार व्हायचं होतं. पण थोड्याच काळात कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी याहून वाईट बातमी कुठली असणार? रंगकाम सुटलं. मेकॅनिकल ड्रॉइंग मात्र त्यांनी सोडलं नाही, कारण तिथे काळी शाई आणि पांढरा कागद. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते तोच विषय शिकवू लागले. संस्था तेव्हा भायखळ्याला होती. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रंही हाताळायला मिळाली.

आता थोडं आजचं. कागदावरच्या यांत्रिक ड्रॉइंगमध्ये जाड सलग रेघ म्हणजे दिसणारी कड, तुटक रेघ म्हणजे मागे लपलेली कड, आणि एक लांब-एक आखूड अशी बारीक रेघ म्हणजे मध्यरेषा. रंगाची गरजच नाही. ऑटोकॅडमध्ये मात्र रंगाला काम लागलं. पांढरी, लाल, हिरवी रेघ स्क्रीनवर वेगळी दिसते आणि प्रिंट काढताना कुठला रंग किती जाड छापायचा हे एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. समोरच्याला तुम्ही फक्त डीडब्ल्यूजी पाठवली आणि ती छोटी फाईल विसरलात, तर त्याच्या पीडीएफमध्ये सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या येऊ शकतात. लेझर कटिंगमध्ये तर बऱ्याच ठिकाणी लेयर किंवा रंगावरूनच ठरतं की ही रेघ कापायची आणि ही वाकवायची. कन्व्हर्ट करताना सगळं एकाच लेयरवर आलं की मशीनला दोन्ही रेघा सारख्याच. अशा वेळी मशीनसुद्धा लक्ष्मणरावांसारखीच रंगांधळी होते. फरक एवढाच की आपल्याला काय दिसत नाही हे लक्ष्मणरावांना ठाऊक होतं.

नोकरी मात्र टिकली नाही. बढतीची पाळी त्यांची असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथे भावांचं सायकलचं दुकान आधीपासून होतं. मुंबईत असताना लक्ष्मणराव सायकली खरेदी करून पाठवायचे, रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवायचे. (डेमो आणि ट्रेनिंगसकट विक्री, तीही एकोणिसाव्या शतकात!) पण लक्ष्मणरावांना विकण्यापेक्षा बनवण्यात रस होता. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर.

नांगर बनला, पण कोणी घेईना. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. सुरुवातीची जवळजवळ दोन वर्षं माल पडून राहिला. विक्री सुरू झाल्यावर दुसरी तक्रार आली: विलायती नांगराच्या मानाने याचा फाळ लवकर झिजतो. लक्ष्मणरावांनी तक्रार अंगावर झटकली नाही, लोखंड कसं कडक होतं याच्या मागे लागले आणि फाळ सुधारला.

इथे जरा थांबू, कारण फाईल बदलणाऱ्यांसाठी या गोष्टीत बरंच आहे. आकार तोच ठेवून धातू बदलला तर फाळ बदलतो, आणि धातूची माहिती आकारात कुठेच नसते. ती असते कोपऱ्यातल्या चौकटीत: मटेरियल, कडकपणा, टॉलरन्स, रिव्हिजन नंबर. आज थ्रीडी मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायला बहुतेक जण स्टेप फॉरमॅट वापरतात. हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये आलं. त्याआधी १९८० पासून आयजीईएस होतं. स्टेपमध्ये आकार चांगला जातो. पण स्टेपच्या जुन्या प्रकारांत टॉलरन्स आणि कडकपणाच्या सूचना येतीलच असं नाही. शिवाय कुठलं भोक कुठल्या क्रमाने पाडलं हा मॉडेलचा इतिहासही जातो. त्यामुळे कॅटियात एका आकड्याने झालं असतं ते एडिटिंग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जिकिरीचं होतं. म्हणून स्टेपबरोबर पीडीएफ ड्रॉइंगही मागून घ्यावं, आणि दोन्हींवरचा रिव्हिजन नंबर जुळतो का ते बघावं.

बेळगावात धंदा मार्गी लागतोय असं वाटत असतानाच नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन त्यांनी दिली, भांडवलालाही हात दिला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासं झालं तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले.

ओतकामात फॉरमॅट बदलणं म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. ड्रॉइंगवरून लाकडी पॅटर्न होतो, पॅटर्नवरून वाळूचा साचा, साच्यात लोखंड ओतून कास्टिंग, आणि शेवटी मशिनिंग. यातला पॅटर्न ड्रॉइंगएवढा कधीच नसतो. बीडाचं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून ३०० मिलिमीटरच्या भागाला पॅटर्न सुमारे ३०३ चा करतात. मशिनिंगला वरून थोडा जास्त माल ठेवतात. वाळूतून पॅटर्न सहज निघावा म्हणून कडेला किंचित उतारही देतात. हे सगळे बदल त्या टप्प्यापुरते. पॅटर्नवर पट्टी लावून कोणी ड्रॉइंगमधला आकडा बदलत नाही. फाळात सुधारणा करायची तर ती ड्रॉइंगमध्ये, आणि पुन्हा तिथून खाली.

कॉम्प्युटरवर हीच शिस्त सुटते. लेझरसाठी काढलेल्या डीएक्सएफमध्ये कधी कधी किरणाच्या जाडीची भरपाई आधीच केलेली असते, पत्रा उलगडल्यावरचा आकार तर असतोच. घाईत कोणीतरी त्याच फाईलमध्ये भोक दोन मिलिमीटर सरकवतं, मूळ मॉडेल तसंच राहतं, आणि पुढच्या ऑर्डरला जुनंच भोक परत येतं. पीडीएफचं तर विचारूच नका. सॉफ्टवेअरमधून थेट निघालेली पीडीएफ परत डीडब्ल्यूजी करता येते, पण वर्तुळाचे बारीक बारीक तुकडे होऊ शकतात, अक्षरांच्या रेघा होतात आणि स्केल स्वतः तपासून जुळवावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या ड्रॉइंगमध्ये तर रेघाच नसतात, नुसते ठिपके. ते बघून ड्रॉइंग नव्याने काढणं हाच खरा उपाय. निदान पाठवताना फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

किर्लोस्करवाडीत पुढे पंप झाले, इंजिनं झाली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला इंजिनीअर झाला आणि परत येऊन कामाला लागला. १९४६ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तिथून बोपोडी, मग मुळा ओलांडली की दापोडी, आणि पिंपरी-चिंचवड सुरू. तेव्हा तिकडे आजची औद्योगिक वसाहत नव्हती. एमआयडीसीच १९६२ ची.

ब्रिटनमधून येणारी ड्रॉइंग त्या काळी इंचात असायची. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्याच वर्षी भारतात मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढची काही वर्षं कारखान्यांची मापं इंचातून मिलिमीटरमध्ये येत राहिली. १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबर डीएक्सएफ आलं. त्याच्या जुन्या प्रकारात आकडा इंचाचा की मिलिमीटरचा, हे लिहिलेलंच नसतं. इंचातली फाईल मिलिमीटर समजून उघडली की पार्ट २५.४ पट लहान दिसतो. एवढा मोठा फरक निदान लगेच डोळ्यात भरतो. फाईल उघडल्या उघडल्या एक माहीत असलेलं माप, समजा बोल्टच्या भोकाचा व्यास, मोजून बघा. फोनवरच्या बऱ्याच व्ह्यूअरमध्येही मोजायची सोय असते.