बडोद्याच्या घराण्यातली नूर

फ्रान्समध्ये ‘क्र्वा द गेर’ नावाचे एक शौर्यपदक आहे. नावाचा अर्थ युद्धाचा क्रूस. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली ते सुरू झाले आणि दुसरे महायुद्ध पेटताच सप्टेंबर १९३९ मध्ये नव्याने जाहीर झाले. ब्राँझचा छोटासा क्रूस, त्यामागे एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी. रणांगणावरच्या ज्या धाडसाची लष्करी अहवालात नावानिशी नोंद होते, त्या धाडसासाठी हे पदक दिले जाते. जानेवारी १९४६ मध्ये ते एका मुलीला मरणोत्तर जाहीर झाले. तिचे नाव होते नूरुन्निसा इनायत खान. ज्या घरात ती वाढली, तिथे तलवारीला जागा नव्हती. वीणा होती, दुआ होती आणि अहिंसेची शिकवण होती.

तिच्या घराण्याची मुळे बडोद्यात होती. पणजोबा मौलाबख्श हे गायकवाड दरबारातले नामवंत गवई. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली. त्यांची पत्नी टिपू सुलतानच्या वंशातली, असे घराण्यात सांगितले जाते. नातू इनायत खाँ यांचा जन्म बडोद्याचाच, १८८२ सालचा. आजोबांच्या हाताखाली ते गायक आणि वीणावादक म्हणून तयार झाले, पुढे चिश्ती परंपरेच्या मुर्शिदांचे मुरीद झाले. १३ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी मुंबईहून बोट पकडली. संगीत आणि सूफी विचार पश्चिमेकडे न्यावा, एवढाच त्यांचा इरादा होता. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी.

अमेरिकेत त्यांची ओरा रे बेकर या तरुणीशी भेट झाली. लग्नानंतर तिचे नाव अमीना बेगम झाले. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत त्यांच्या पोटी नूर जन्मली. पुढे विलायत, हिदायत आणि खैरुन्निसा ही भावंडे आली. पहिल्या महायुद्धाचा काळ लंडनमध्ये गेला. मग पॅरिसजवळच्या स्यूरेन गावात एका मुरीदाने घर दिले, त्याचे नाव फझल मंझिल. या घरात सगळ्या धर्मांच्या ग्रंथांना सारखाच मान होता.

१९२७ च्या फेब्रुवारीत इनायत खाँ दिल्लीत वारले. आजही त्यांचा दर्गा निजामुद्दीन वस्तीत आहे. तेव्हा नूर तेरा वर्षांची होती. या धक्क्यातून अमीना बेगम सावरल्याच नाहीत. घराचा भार मोठ्या लेकीवर पडला. स्वयंपाक, धाकट्यांची शाळा, आईची शुश्रूषा, सगळे तिने केले. ते सांभाळून सॉरबॉन विद्यापीठात बालमानसशास्त्र शिकली, हार्प आणि पियानोही शिकली. ‘फिगारो’ या दैनिकात तिच्या बालकथा येऊ लागल्या, रेडिओवरही त्या ऐकू येऊ लागल्या. १९३९ मध्ये तिने इंग्रजीत सांगितलेल्या वीस जातककथांचे पुस्तक लंडनहून निघाले. सूफी पित्याच्या लेकीने बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा मुलांना सांगाव्यात, यात तिच्या घरी कोणालाच नवल वाटले नाही. त्यातली एक गोष्ट वानरराजाची आहे. आपल्या कळपाला पलीकडे जाता यावे म्हणून तो स्वतःच्या देहाचा पूल करतो आणि त्यातच प्राण सोडतो.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसकडे निघाल्या. नूर आणि विलायत यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. वडिलांनी तर अहिंसा शिकवली होती. पण माणसांना वंशावरून वेचून मारणारी सत्ता दारात आली असताना नुसते बाजूला बसणे त्या दोघांना पटेना. घर सोडून हे कुटुंब इंग्लंडला पोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नूर हवाई दलाच्या महिला विभागात भरती झाली आणि बिनतारी संदेशाचे काम शिकली. अधिकारपदासाठीच्या मुलाखतीत तिला हिंदुस्थानाविषयी विचारले गेले. युद्ध संपल्यावर आपण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहू, असे तिने इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगितले.

अस्खलित फ्रेंच आणि बिनतारीचे कसब यांमुळे ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ या गुप्त संघटनेची नजर तिच्यावर गेली. प्रशिक्षणात तिच्याविषयी सगळ्यांचे मत चांगले नव्हते. ती फार हळवी आहे, खोटे बोलणे तिला जड जाते, बंदुकीला बिचकते, असे शेरे तिच्या नावावर पडले. तरीही माणसांची टंचाई होती आणि तिची तयारी पक्की होती. १६ जून १९४३ च्या चांदण्या रात्री एका लहान विमानाने तिला फ्रान्समधल्या शेतात उतरवले. ब्रिटनने व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला बिनतारी संदेशक होती. तिचे सांकेतिक नाव होते मादलेन.

पंधरवडाही उलटला नाही तोच पॅरिसमधले ‘प्रॉस्पर’ हे गुप्त जाळे जर्मनांच्या हाती सापडले. साथीदार एकामागून एक पकडले गेले. लंडनने तिला परत येण्याची मुभा दिली. ती आली नाही. आपण गेलो तर पॅरिसमधून लंडनशी बोलायला कोणी उरणार नाही, हे तिला दिसत होते. मग जवळजवळ चार महिने ही तरुणी सुटकेसएवढे यंत्र घेऊन घरे बदलत राहिली, केसांचा रंग बदलत राहिली. रस्त्यांवर लहरींचा माग काढणाऱ्या जर्मन गाड्या फिरत असत. एका जागेवरून वीसेक मिनिटांपेक्षा जास्त वेळ संदेश पाठवणे म्हणजे मरणाला बोलावणे होते. रमजान आला, ईद झाली, आणि तिचे काम चालूच राहिले.

ऑक्टोबर १९४३ मध्ये पैशासाठी कोणीतरी फितूर झाले आणि तिच्या खोलीत जर्मन दबा धरून बसले. ज्या मुलीला हळवी म्हटले गेले होते, तिने शिपायाला चावे घेत झुंज दिली. आव्हेन्यू फॉश रस्त्यावरच्या जर्मन गुप्तपोलिसांच्या ठाण्यात पोचताच ती न्हाणीघराच्या खिडकीतून छपरावर निसटली आणि पकडली गेली. नोव्हेंबरच्या अखेरीस आणखी दोन कैद्यांसह पुन्हा छपरावर चढली. नेमका त्याच वेळी हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, कोठड्या तपासल्या गेल्या आणि बेत फसला. पुन्हा पळणार नाही, असे लिहून दे, अशी मागणी झाली. तिने सही केली नाही.

तिच्या हातून एक मोठी चूकही झाली होती. पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिने वहीत जपून ठेवल्या होत्या. ती वही जर्मनांना सापडली. तिच्या आधारे ते तिच्याच नावाने लंडनशी बोलत राहिले. लंडनने वेळीच ओळखले नाही, आणि नंतर उतरलेले काही हेर थेट शत्रूच्या हाती पडले. तिची थोरवी सांगताना हे झाकून ठेवणे बरोबर नाही. मात्र तिच्या तोंडून काहीच निघाले नाही, अशी जबानी त्या ठाण्याच्या प्रमुखानेच युद्धानंतर दिली.

तिथून तिला जर्मनीतल्या फोर्झहाइमच्या तुरुंगात नेले. सुमारे दहा महिने एकांतकोठडीत, हातापायांत साखळदंड. जेवणाच्या भांड्याच्या तळाशी तिने आपले नाव आणि आई राहत असलेल्या लंडनमधल्या टॅव्हिटन स्ट्रीटचा पत्ता कोरला. त्यामुळेच शेजारच्या कैदी बायकांना तिची ओळख पटली. सप्टेंबर १९४४ मध्ये तिला आणि आणखी तीन महिला हेरांना डाखाऊच्या छळछावणीत आणले गेले. १३ सप्टेंबरच्या सकाळी चौघींना गोळ्या घातल्या. तिचे वय अवघे तीस होते. चौतीस वर्षांपूर्वी याच तारखेला तिचे वडील मुंबईच्या बंदरातून निघाले होते. हिजरी १३६३ च्या रमजानचा तो शेवटचा अशरा होता. या दिवसांत मोमीन मुक्तीची दुआ मागतो.

ती कुठे संपली हे घरच्यांना बराच काळ कळले नाही. संघटनेतल्या व्हेरा ॲटकिन्स यांनी जर्मनीत जाऊन शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला. १९४९ मध्ये ब्रिटनने तिला जॉर्ज क्रॉस हा सर्वोच्च नागरी शौर्यसन्मान दिला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये २०१२ पासून तिचा अर्धपुतळा आहे. भांड्यावर कोरलेला तो पत्ता तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

आई अमेरिकन, वडील बडोद्याचे, जन्म मॉस्कोचा, घर फ्रान्सचे आणि नोकरी इंग्लंडची. तू नेमकी कोणाची, असा प्रश्न तिला कोणीही विचारू शकले असते. त्याचे उत्तर देण्यात तिने वेळ घालवला नाही. समोर ज्यांच्यावर जुलूम होत होता, त्यांची ती झाली. मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीतला पूल तिने स्वतःच्या देहाचा केला.