दृष्टीचे कोडे उलगडणारे इब्न अल हैथम

आपण एखाद्या वस्तूवर नजर टाकतो, कोणावर तरी डोळे रोखतो. लहान बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतो. या साऱ्यांत एक फार जुनी समजूत दडलेली आहे. डोळ्यांतून काहीतरी बाहेर पडते आणि समोरच्या वस्तूला जाऊन भिडते, अशी ती समजूत होय. केवळ सामान्य माणसेच नव्हे, तर थोर विद्वानही असे मानीत असत. ग्रीक गणिती युक्लिड आणि ज्योतिर्विद टॉलेमी यांनी दृष्टीचे नियम याच कल्पनेवर उभारले. आपल्याकडील न्यायदर्शनातही डोळ्यातील तेज वस्तूपर्यंत पोहोचते, असे प्रतिपादन आढळते. हा समज ज्यांनी कसोटीवर घासून पाहिला, ते विद्वान म्हणजे इब्न अल हैथम.

इब्न अल हैथम यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास आजच्या इराकमधील बसरा या नगरात झाला. गणित आणि ज्योतिष या विषयांत त्यांनी लौकिक मिळविला. तेराव्या शतकातील चरित्रकारांनी त्यांच्याविषयी एक हकीकत नोंदविली आहे. नाईल नदीच्या पुराला आवर घालता येईल, असे त्यांनी म्हटल्याचे इजिप्तचा खलिफा अल हाकिम याच्या कानी गेले. खलिफाने त्यांना बोलावून घेतले. नदीकाठाने दक्षिणेकडे प्रवास केल्यावर मात्र हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, हे त्यांना कळून चुकले. खलिफा लहरी व कठोर होता. त्याच्या कोपातून वाचण्यासाठी त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये खलिफाचा अंत होईपर्यंत ते घरातच अडकून पडले. पुढे कैरो येथे जुन्या ग्रंथांच्या नकला करून त्यांनी उदरनिर्वाह केला. इ. स. १०४० च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

सात खंडांचा ‘किताब अल-मनाझिर’ हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ. त्यात त्यांनी साधे प्रश्न विचारले. प्रखर सूर्याकडे पाहिल्यास डोळे का दुखतात? डोळे उघडताच दूरचे तारे दिसतात. मग डोळ्यातून निघालेले काही एका क्षणात सारे आकाश कसे व्यापील? यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की प्रकाश वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना जातो आणि तो डोळ्यात शिरला म्हणजे आपल्याला दिसते. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. खोलीतील भिंतीवर तितकेच प्रकाशाचे ठिपके उमटले. एक दिवा झाकला, की त्याचाच ठिपका नाहीसा होई. निरनिराळ्या दिव्यांचा प्रकाश एकाच छिद्रातून जातानाही एकमेकांत मिसळत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

ते एवढ्यावरच थांबले नाहीत. पाहणे हे केवळ डोळ्याचे काम नसून त्यात मनाचाही वाटा असतो, हे त्यांनी ओळखले. दूरचा माणूस डोळ्याला लहान भासला, तरी आपण त्याला बुटका समजत नाही. अंतर, आकार आणि पूर्वीचा अनुभव यांची सांगड मन इतक्या त्वरेने घालते, की ते आपल्या लक्षातही येत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी याच स्वरूपाचा विचार मांडला. आजच्या मानसशास्त्रातही तो अभ्यासाचा विषय आहे.

इ. स. १२०० च्या सुमारास या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले. युरोपात ते ‘अल्हाझेन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. रॉजर बेकन, विटेलो यांसारख्या पंडितांनी या ग्रंथाचा आधार घेतला. पूर्वेकडे कमालुद्दीन अल-फारिसी यांनी त्यावर भाष्य लिहिले आणि त्याच वाटेने जाऊन इंद्रधनुष्याचा उलगडा केला. १५७२ मध्ये हा ग्रंथ बाझेल येथे छापला गेला.

इब्न अल हैथम यांचे सर्वच निष्कर्ष बरोबर होते, असे नाही. दृष्टीची जाणीव डोळ्यातील भिंगात होते, असे त्यांना वाटे. प्रतिमा उलटी पडत असेल, ही गोष्ट त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती. १६०४ मध्ये केप्लर यांनी ही चूक सुधारली. प्रतिमा डोळ्याच्या मागील दृष्टिपटलावर, आणि तीही उलटी उमटते, असे त्यांनी दाखविले. परंतु वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश निघतो, हा केप्लर यांच्या विवेचनाचा पाया इब्न अल हैथम यांनीच घातला होता.

मोठ्यांचे लेखन आहे म्हणून ते खरे मानू नये, प्रत्येक विधान तपासावे आणि स्वतःच्या मतावरही संशय घ्यावा, अशी त्यांची शिकवण होती. टॉलेमींच्या सिद्धान्तांना त्यांनी हीच कसोटी लावली आणि पुढील पिढ्यांनी तीच त्यांच्या ग्रंथाला लावली. आपली चूक शोधण्याचे साधन आपणच पुढच्यांच्या हाती देणे, यातच या विद्वानाचे खरे मोठेपण आहे.