उन्हाचे एस्टिमेट करणारे लाला दीनदयाळ

इंदूरचे नाव काढले की उस्ताद अमीर खाँ, चित्रकार बेंद्रे, कर्नल सी. के. नायडू ही नावे आपल्या तोंडी आपोआप येतात. लाला दीनदयाळ हे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. व्हाइसरॉयचे छायाचित्रकार, हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार आणि राजा हा किताब मिळालेले हे गृहस्थ. त्यांनी पहिल्यांदा कॅमेरा हातात धरला तो आपल्या इंदुरात, आणि तेव्हा ते सरकारी नोकरीत होते. तेही बांधकाम खात्यात! आम्ही याच खात्याची माणसे. डिप्लोमा करून उपयंत्री झालो आणि नकाशे, मोजमापे आणि ठेकेदारांची बिले यांत आमची वीस-बावीस वर्षे गेली. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी या आमच्या जुन्या सहकाऱ्याचे चरित्र लिहावे असे वाटले.

दीनदयाळांचा जन्म १८४४ सालचा, मेरठजवळच्या सरधना गावचा. घराणे जैन, धंदा जवाहिऱ्याचा. मुलाने मात्र रुडकीच्या थॉमसन कॉलेजची वाट धरली. आज तिथे आय. आय. टी. आहे, त्या काळी तिथे सरकारी बांधकामांसाठी इंजिनिअर आणि त्यांच्या हाताखालची माणसे तयार होत. दीनदयाळ या हाताखालच्या वर्गात शिकले. आजच्या भाषेत ते आमच्यासारखे डिप्लोमावालेच म्हणायचे. १८६६ मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्याच्या सचिवालयात हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले.

हे काम काय असते ते आम्हाला कोणी सांगायला नको. चुना किती, विटा किती, मजुरी किती याचा आधी कागदावर अंदाज बांधायचा आणि मग तो प्रत्यक्षाशी ताडून पाहायचा. नकाशा काढताना इमारतीची सावली दाखवायची असेल तर प्रकाश डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशांत येतो असे धरून रेघ मारायची. कोणता खांब कोणत्या भिंतीवर किती सावली टाकेल हे त्यात मोजूनच ठरते. प्रकाशाचा हिशेब करण्याची सवय दीनदयाळांना या टेबलावर लागली असावी, असे आम्हाला वाटते.

१८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणाला हात घातला. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिले आणि मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. आपल्या डेली कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे डेलीसाहेब. त्यानंतर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचे आणि १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स यांचे फोटो काढण्याची संधी दीनदयाळांना मिळाली. कचेरीत एस्टिमेट आणि बाहेर कॅमेरा असा त्यांचा संसार काही वर्षे चालला.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय दिव्य होते, हे आज मोबाइलवर बोट टेकवणाऱ्या मुलांना पटणार नाही. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, अंधारात ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. हाताशी जेमतेम दहा मिनिटे. माळव्याच्या उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी, कारण द्रावणातला ईथर बघता बघता उडून जातो. म्हणजे बाहेर फोटो काढायचा तर काळोख्या खोलीचा तंबू, पाणी आणि रसायनांच्या बाटल्या सारे बैलगाडीवर बरोबर घ्यायचे. फोटो मोठा करणे सोपे नव्हते, म्हणून सहसा जेवढा फोटो हवा तेवढीच मोठी काच लागे. कॅमेऱ्याला झडपही नव्हती. भिंगावरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे आणि टोपी पुन्हा लावायची. किती आकडे मोजायचे याचे एस्टिमेट चुकले की काच वाया गेली. १८८० च्या आसपास कारखान्यात बनलेल्या कोरड्या काचा मिळू लागल्या आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या छायाचित्रकारांचा जीव भांड्यात पडला.

पण ऊन होते तसेच राहिले. आपल्याकडे उजेडाला तोटा नाही, मग फोटो काढणे सोपे असणार, असे कोणालाही वाटेल. भर उन्हात माणसाचा चेहरा टिपणे मात्र महाकठीण. दुपारी सूर्य डोक्यावर असतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा लखलखतो, तर डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि मिशांखाली काळोख साचतो. डोक्यावर पगडी असली तर तिची सावली थेट डोळ्यांवर येते. अंगरखा पांढराशुभ्र आणि चेहरा सावळा असला तर काचेला दोन्ही एकदम झेपत नाहीत. चेहऱ्यासाठी जास्त वेळ द्यावा तर अंगरख्याच्या चुण्या, भरतकाम सारे पांढऱ्या डागात बुडते, आणि अंगरख्यासाठी वेळ कमी करावा तर चेहरा काळा पडतो. त्यातून त्या काळच्या काचा मुख्यतः निळ्या उजेडाला जागणाऱ्या. निळे आकाश पांढरे फटक येई, लाल पगडी जवळजवळ काळी होई आणि आपला गव्हाळ वर्ण असायचा त्याहून गडद दिसे. शिवाय उन्हाकडे तोंड करून बसलेला माणूस डोळे बारीक करतो, आणि टोपी काढून आकडे मोजेपर्यंत त्याच्या पापण्या दहा वेळा लवतात.

यावर त्या पिढीच्या जाणत्या छायाचित्रकारांचे उपाय साधे असत. माणसाला उन्हातून उचलून सावलीत बसवायचे, पण ती सावली मोकळ्या आकाशाखालची हवी. वाड्याची उत्तरेकडची बाजू, ओसरीची कड किंवा डोक्यावर ताणलेले कापड यांपैकी काहीही चाले. सूर्य झाकलेला आणि समोरचे आकाश उघडे असले की उजेड मऊ होऊन सगळ्या चेहऱ्यावर सारखा पसरतो. समोर चुन्याची पांढरी भिंत किंवा पांढरी चादर असली तर खालून थोडा उजेड परत येतो आणि डोळ्यांखालचा काळोख निवळतो. मोठा घोळका असेल तर माणसांना पायऱ्यांवर उभे करायचे, म्हणजे एकाची सावली दुसऱ्याच्या तोंडावर पडत नाही. वेळ सकाळची किंवा कलत्या दुपारची धरायची. स्टुडिओसुद्धा काचेच्या छताचे असत आणि पडदे ओढून उजेड हवा तेवढाच आत घेतला जाई. विजेच्या दिव्याच्या आधीचे हे सारे शास्त्र. दीनदयाळांनी काढलेल्या संस्थानिकांच्या तसबिरी पाहाव्यात. गळ्यातले मोत्यांचे सर, कमरबंदाची जर आणि डोळ्यांतला भाव या तिन्ही गोष्टी एकाच काचेवर स्पष्ट उतरलेल्या दिसतात. ज्याला उन्हाचा हिशेब कळला त्यालाच हे जमते.

१८८२ मध्ये डेलींच्या नंतरचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची अशा स्थळांच्या त्यांच्या फोटोंचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला. दरम्यान त्यांनी खात्याकडून दोन वर्षांची रजा घेतली, रजेत फोटोच काढले, आणि ते काम इतके चालले की नोकरीतून निवृत्त होण्याचे ठरवले. तेव्हा त्यांची चाळिशी उलटत होती. पदरी मुलेबाळे, पुढे पेन्शनची नोकरी आणि हातात एक नवा, बेभरवशाचा धंदा! आम्ही चाळिशीतली सरकारी माणसे या जागी थोडा वेळ थांबतो. आमच्यापैकी कितीतरी जणांनी गाणे, नाटक, चित्रकला रविवारपुरती ठेवली. त्यात कमीपणा नाही, घर चालवायचे असते. पण दीनदयाळांनी उडी घेण्याआधी रजेच्या दोन वर्षांत आपल्या धंद्याचे नीट मोजमाप घेतले, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या धाडसाहून मोठी वाटते. एस्टिमेटर तो एस्टिमेटरच.

१८८५ मध्ये ते व्हाइसरॉयचे छायाचित्रकार झाले. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी राहिले आणि सिकंदराबादला त्यांचा मोठा स्टुडिओ उभा राहिला. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला, म्हणजे घरंदाज बायकांनाही निःसंकोच फोटो काढून घेता येई. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना राजा मुसव्विर जंग बहादूर हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. १८९६ मध्ये मुंबईलाही त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात शिकारीला आले, तेव्हाचा मारलेल्या वाघासह कर्झन पतिपत्नींचा फोटो आजही पुस्तकांतून छापला जातो. तोही दीनदयाळांच्या स्टुडिओचा.

पण आम्हाला सर्वांत जास्त आठवतात ते वेगळेच फोटो. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात निजामाच्या राज्यातल्या औरंगाबाद भागातल्या पीडितांचे फोटो त्यांच्या स्टुडिओने काढले. आज तो आपला मराठवाडा. त्या लोकांच्या अंगावर लंगोटीपलीकडे काही नाही, बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. राजाच्या तसबिरीत उजेड दागिन्यांवर खेळतो, इथे तो हाडांवर पडतो. ही माणसे कोण होती, त्यांची नावे काय होती, हे कुठल्याही काचेवर लिहिलेले नाही. तरी त्यांचे चेहरे वाचता येतात. कोणी थेट आपल्याकडे पाहतो, कोणी मान खाली घालतो. दरबाराचे फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्याने या माणसांचेही चेहरे जपले, म्हणून सव्वाशे वर्षांनंतर आपण त्यांच्या नजरेला नजर देऊ शकतो. रिपोर्टातले आकडे हे काम करू शकत नाहीत. आयुष्यभर रिपोर्ट लिहिणारे आम्ही हे अनुभवाने सांगतो.

१९०४ मध्ये त्यांचा मुलगा धर्मचंद गेला आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९०५ मध्ये, दीनदयाळांनीही जगाचा निरोप घेतला. धंद्याचे ते वैभव पुढे टिकले नाही. पण काचा टिकल्या. १९८९ मध्ये त्यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेऊन जतन केल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

आता थोडे आपल्या मंडळींसाठी. गणपतीत आपण सगळे जमतो आणि आरतीनंतर, ऐन बाराच्या उन्हात, एक ग्रुप फोटो हमखास निघतो. फोटोग्राफर सगळ्यांना सूर्याकडे तोंड करून उभे करतो. आजोबांच्या टोपीची सावली डोळ्यांवर येते, काकू डोळे मिटतात आणि नव्या पैठण्या तेवढ्या चमकतात. यंदा सर्वांना मांडवाच्या कडेला सावलीत घ्यावे, तोंडे मोकळ्या आकाशाकडे असावीत, पुढे जमिनीवर एक पांढरी चादर अंथरावी आणि मागच्या रांगेला पायऱ्यांवर चढवावे. मोबाइल असेल तर बोट कपड्यांवर न टेकवता चेहऱ्यावर टेकवावे. दीडशे वर्षांपूर्वीचे शास्त्र आजही तेवढेच लागू पडते.

आणि ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत आजा-पणज्यांचे जुने फोटो किंवा काचा पडल्या असतील त्यांनी दिवाळीच्या सफाईत त्या रद्दीत घालू नयेत. काच ओल्या फडक्याने पुसू नये, दोन काचा एकमेकींवर घासू देऊ नयेत, कोरड्या कागदात वेगवेगळ्या गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. फोटोतली माणसे ओळखणारे कोणी घरात हयात असेल तर त्यांच्याजवळ बसून नावे विचारून घ्यावीत आणि मागे हलक्या हाताने पेन्सिलने लिहून ठेवावीत. औरंगाबादच्या त्या माणसांची नावे विचारायला आता कोणी उरलेले नाही. आपल्या माणसांची नावे विचारायला अजून वेळ आहे.