नारायण धारप
नारायण धारप (२७ ऑगस्ट, १९२५ – १८ ऑगस्ट, २००८) हे मराठी भयकथाकार व विज्ञानकथालेखक होते. विज्ञानाचे पदवीधर असलेल्या धारपांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. वाचनालयांतून ती हातोहात जात; समीक्षेने मात्र त्यांची फारशी दखल घेतली नाही.

त्यांच्या कथांचा आरंभ बहुधा एखाद्या साध्या मध्यमवर्गीय घरात होतो आणि अमंगल शक्ती तेथे हळूहळू शिरकाव करते. तिच्याशी झुंजणारा ‘समर्थ’ हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय नायक. परकीय कथाबीजेही त्यांनी मुक्तपणे घेतली. ‘लुचाई’ व ‘शपथ’ या कादंबऱ्या स्टीफन किंग यांच्या अनुक्रमे ‘सेलम्स लॉट’ आणि ‘इट’ यांवर बेतलेल्या आहेत. त्यामुळे धारपांच्या स्वतंत्र प्रतिभेविषयी शंका घेतली जाते. परंतु त्या भयाला मराठी घर, नाती आणि श्रद्धा देण्याचे काम केवळ भाषांतराने साधणारे नव्हते.

याचा प्रत्यय चित्रपटात आला. किंग यांच्या ‘ग्रामा’ या कथेवरून धारपांनी ‘आजी’ लिहिली. राही अनिल बर्वे यांनी ती १९९३ मध्ये एका मित्राकडून ऐकली आणि तीच पुढे ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचे एक बीज ठरली. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. ‘ग्रहण’ या धारपांच्या कादंबरीवर त्याच नावाची मालिका २०१८ मध्येच झी मराठीवर दाखवली गेली.